माळ्यावरच्या ८७ कॅसेटी

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कोजागिरीला गच्चीवर केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून दिलं आहे. – सी-२ मधला एक सभासद)

अध्यक्ष, सचिव, सगळे काका-काकू, वहिनी, आणि पुण्याहून-हैदराबादहून मुद्दाम आलेली आपली पोरं,

दूध आटेपर्यंत बोला, असं सचिवांनी मला सांगितलंय. म्हणजे दहा-बारा मिनिटं धरा. विषय ऐकून मघाशी मागे दोघं-तिघं हसले. हसा की. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी तू व्हिडिओ गेमच्या कॅसेटी पुसत बसशील, असं मला दोन वर्षांपूर्वी कुणी म्हणालं असतं, तर मीपण हसलो असतो.

झालं असं. गेल्या वर्षी ऑफिसच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग काढलं, म्हणून माळा रिकामा केला. गणपतीचं जुनं मखर निघालं, फुटक्या ट्यूबलाइट निघाल्या, आणि चादरींचं एक मोठं खोकं निघालं. खोक्यावर स्केचपेननं लिहिलेलं : ‘गेम लायब्ररी. विचारल्याशिवाय हात लावू नये.’ आत कॅसेटी. एकावर एक कोंबलेल्या, डबी नाही, पाकीट नाही, काही नाही. मी मोजल्या. ८७ भरल्या.

नव्या बिऱ्हाडांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आपली सोसायटी नवीन होती तेव्हा जवळजवळ प्रत्येक घरात तो खेळ होता. समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशी त्यांची नावं. मूळ यंत्र जपानच्या निन्तेन्दो कंपनीचं, १९८३ च्या जुलैत आलेलं ‘फॅमिली कॉम्प्युटर’. आपल्याकडे पोचली ती त्याची नक्कल. कुणी नवी पेठेतून आणलं, कुणी गड्ड्याच्या यात्रेतून, कुणाच्या मामानं मुंबईहून. प्रत्येकाकडे कॅसेटी दोन-तीनच. मग २००३ च्या उन्हाळी सुट्टीत पोरांनी ही लायब्ररी काढली. एक ठेवायची, एक न्यायची. कोण किती दिवस ठेवतो यावरून भांडणं व्हायची, ती सोडवायला आम्ही मोठे. लाइट गेली की सगळे खाली, लाइट आली की सगळे वर. पुढे कॉम्प्युटर आले, पोरं शिकायला बाहेर पडली आणि खोकं माळ्यावर गेलं.

कमिटीत विषय निघाला भंगाराचा. मी म्हटलं, मला द्या. मी आयुष्यभर सूतगिरणीत स्टोअरकीपर होतो. स्पिनिंगच्या रिंगवर ट्रॅव्हलर नावाची एक नखाएवढी तारेची कडी फिरते. तिचे नंबर असतात, डोळ्यांना सगळ्या सारख्याच दिसतात. चुकीच्या नंबरची कडी खात्यात गेली की धागा तुटायला लागतो आणि शिव्या स्टोअरला. त्यामुळे सुट्या वस्तू लावून ठेवायच्या म्हटलं की मला फार चेव येतो. आणि त्याच चेवात मी चूक केली. ती पुढे सांगतो.

आधी वस्तू काय आहे ते बघू. नाव कॅसेट असलं तरी आत फीत नसते. एक छोटी सर्किटची पट्टी असते. तिच्या खालच्या कडेला तांब्याचे दात, एका बाजूला तीस, दुसऱ्या बाजूला तीस. स्वस्त कॅसेटीत चिपच्या जागी नुसता काळा डांबरासारखा ठिपका असतो. खराब होतात ते बहुतेक दातच. गेम लागला नाही की आपण काय करायचो? फुंकर. इथं बसलेल्या चाळिशीतल्या सगळ्यांनी फुंकर मारलीय. खरं म्हणजे फुंकरीनं काही होत नव्हतं. काढून परत घातली की दात नीट टेकायचे आणि गेम लागायचा, श्रेय जायचं फुंकरीला. तोंडातला ओलावा मात्र दातांवर बसायचा आणि तांबं काळं पडायचं. फुंकू नका, असं निन्तेन्दोनं स्वतःच सांगितलेलं आहे.

मी पुसायला घेतलं ते आपल्या सोलापुरी टॉवेलचा तुकडा घेऊन. गिरणीतल्या माणसाला हे कळायला हवं होतं. टॉवेलचे फासे दातांत अडकले आणि तंतू आत राहिले. पाच-सहा कॅसेटी आधीपेक्षा वाईट झाल्या. मग केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं आणि कान साफ करायच्या काड्या. काडी ओली करायची, वरून खाली ओढायची, आडवी घासायची नाही, काळी झाली की टाकायची. फारच काळे दात असतील तर पांढरं खोडरबर, हलक्या हातानं. पॉलिशपेपर अजिबात नको. खऱ्या कॅसेटच्या दातांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. नकलीवर किती आहे ते घासल्यावरच कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. पुसल्यावर चांगली वाळू द्यायची, मगच यंत्रात घालायची. आणि घालताना-काढताना यंत्र बंद पाहिजे.

८७ मधल्या ८१ आपल्या नेहमीच्या साठ दातांच्या. चार सेगाच्या, दोन त्या हातातल्या छोट्या गेमबॉयच्या. ए-४ च्या जावयांनी यंत्र दिलं, माझ्या जुन्या टीव्हीला जोडलं आणि ८१ च्या ८१ लावून बघितल्या. ६९ चालल्या, १२ गेल्या. बायको म्हणाली, नातवंडं नाहीत घरात आणि हा आवाज कसला?

लावून बघितल्यावर कळलं की स्टिकरवर विश्वास ठेवायचा नाही. बाहेर एका गेमचं चित्र, आत दुसराच. ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेल्या एका कॅसेटीत मोजून सात खेळ निघाले, तेच परत परत, फक्त कुठं वेग वाढवलेला, कुठं मधूनच सुरू होणारा. पोरांना तेव्हाही माहीत असणार. आम्हा आईबापांना वाटायचं, नव्याण्णव लाख खेळ आलेत, आता वर्षभर दुसरी मागणार नाही.

आता चूक. स्टोअरचा नियम आहे, एक माल एका कप्प्यात. म्हणून मी खेळाप्रमाणे गट पाडले. कॉन्ट्रा एकीकडे, मारिओ एकीकडे, रणगाड्यांचा खेळ एकीकडे. आणि साफसफाईत कॅसेटींवरच्या जुन्या चिकटपट्ट्या, नावांच्या चिठ्ठ्या, सगळं पेट्रोलच्या बोळ्यानं काढून टाकलं. गोंद उन्हाळ्यात वितळून धूळ धरलेली, बघवत नव्हतं. ३१ कॅसेटी अशा लखलखीत केल्या. पट्ट्या डब्यात, डबा घंटागाडीत.

दिवाळीत बी-३ चा मोठा मुलगा आला. मी अभिमानानं कॉन्ट्राचा कप्पा उघडला. अकरा होत्या. त्यानं सगळ्या उलटसुलट करून बघितल्या आणि म्हणाला, ‘‘काका, माझी कुठली?’’ मी म्हटलं, अरे सगळ्या सारख्याच. तो काही बोलला नाही, पण चेहरा पडला. ट्रॅव्हलर कुणाच्या मालकीची नसते. कॅसेट असते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग बी-११ च्या काकू आल्या. हे मी त्यांना विचारून सांगतोय. सांगा म्हणाल्या. त्यांचा मुलगा हायवेवर गेला, ते इथं सगळ्यांना माहीत आहे. काकू म्हणाल्या, ‘‘भाऊजी, त्याची एक कॅसेट त्या खोक्यात असणार. वर पांढरी पट्टी होती, निळ्या पेननं नाव घातलेलं.’’

पट्टी मी काढली होती. सांगितलं त्यांना. दुसरं काय करणार? काकू दोन मिनिटं बसल्या, पाणी प्यायल्या आणि गेल्या.

मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी उठून त्या ३१ खिडकीपाशी मांडल्या. जुनं फिकट प्लॅस्टिक उजेडानं पिवळं पडतं, ते तुम्ही फ्रिजच्या दारावर बघितलं असेल. कॅसेटीही पिवळ्या पडल्या होत्या. पण काहींवर एखादा चौकोन कमी पिवळा होता. जिथं पट्टी होती तिथं उजेड पोचला नव्हता. साध्या पारदर्शक सेलोटेपखाली अशी खूण राहत नाही, तिच्यातून उजेड जातो. कापडी पट्टीखाली राहते. आणि काकूंच्या घरचं तेव्हा मेडिकल दुकान. जखमेवर लावायची रुंद पांढरी पट्टी त्या घरात कायम असायची.

रुंद चौकोनाच्या तीन निघाल्या. एक मारिओ, एक कॉन्ट्रा, एक रणगाड्यांची. काकूंना बोलावलं. त्या म्हणाल्या, मला काय कळणार, मी कधी टीव्हीसमोर बसलेच नाही, माझी स्वयंपाकाची वेळ असायची. मी म्हटलं, तुम्ही आतल्या खोलीतच बसा. एकेक लावली. तिसरीची सुरुवातीची धून वाजली, अगदी तीन-चार सेकंदांची असते ती, आणि काकू आतूनच म्हणाल्या, ‘‘हीच. ही वाजली की मी भाकरी टाकायची थांबायची, आता हा काय जेवायला उठत नाही.’’

आता मी स्टोअरकीपर आहे, खोटं लिहीत नाही. रणगाड्यांची धून सगळ्या कॅसेटींत तीच असते. त्याची कॅसेट काळ्या रंगाची असती तर खूण दिसलीच नसती. रजिस्टरमध्ये मी लिहिलं : ‘बी-११. पट्टीची खूण रुंद. धून काकूंनी ओळखली.’ कॅसेट त्यांना इश्यू केली, सही घेतली. परतीच्या तारखेचा रकाना रिकामा ठेवलाय.

त्यानंतर गट मोडले आणि घराप्रमाणे लावलं. रजिस्टरला सहा रकाने : क्रमांक, घर, बाहेरचं नाव, आतलं नाव, चालते की नाही, आणि मालक कसा कळला. हा सहावा रकाना सगळ्यात जास्त वेळ खातो. कुणाच्या कोपऱ्यावर दाताच्या खुणा आहेत. एकीचं झाकण कंपासनं उचकटलेलं आहे, ते कुणी केलं हे डी-५ नं वीस वर्षांनी काल कबूल केलं.

ठेवायचं कशात, हा प्रश्न फुकटात सुटला. या कॅसेटीचा आकार गाण्याच्या कॅसेटच्या डबीएवढा आहे, साधारण अकरा बाय सात सेंटिमीटर, जाडी दोनच्या आत. त्यामुळे गाण्यांच्या कॅसेटींचे लाकडी रॅक, जे आपण सगळे टाकून द्यायला निघालोय, त्यात बहुतेक बरोबर बसतात. जाड पाठीच्या थोड्या बसत नाहीत, त्यांना चपलेचं खोकं. प्रत्येक कॅसेट पॉलिथिनच्या झिपच्या पिशवीत, उभी, दात खाली. मऊ चकचकीत पीव्हीसीची पाकिटं नकोत, ती स्टिकरला चिकटतात. रबर बँड नको, आपल्या मे महिन्यात त्याची चिक्की होते. डांबराच्या गोळ्या प्लॅस्टिकजवळ नकोत. पाठीवर नाव नसतं, म्हणून जाड कागदाची चिठ्ठी दोऱ्यानं पिशवीला बांधलीय, पेन्सिलीनं लिहिलेली. कॅसेटीवर आता मी काही चिकटवत नाही आणि काही काढतही नाही. कोकणात असतो तर ओलीची काळजी केली असती. आपल्याकडे शत्रू दोन, धूळ आणि स्लॅबखालची उष्णता. पारा ४२-४३ ला गेला की माळ्याची भट्टी होते. म्हणून रॅक खाली, ऑफिसच्या उत्तरेकडच्या भिंतीला.

गेमबॉयच्या दोन आहेत त्यांचं वेगळं सांगतो, कारण कुणाच्या घरात अजून असतील. त्यांतल्या काहींच्या आत बटणाएवढा सेल असतो आणि खेळलेलं सगळं त्या सेलवर जपलेलं असतं. सेल संपला किंवा काढला की ते गेलं. उत्साहानं उघडू नका. आपल्या दोन्हींपैकी एकीत मुलाचं नाव टाकून केलेला खेळ अजून निघतोय. मस्कतहून आणलेली आहे. मालकाला फोटो पाठवलाय.

दुधाचा वास आला, म्हणजे माझी वेळ झाली. १९ कॅसेटींचे मालक अजून सापडलेले नाहीत. उद्या सकाळी दहा ते बारा मी ऑफिसात बसणार आहे, सगळ्या टेबलावर मांडून ठेवतो. पोरांनो, गावी परत जायच्या आधी येऊन बघून जा. आणि कुणाच्या घरी नऊ व्होल्टचा जुना अडॅप्टर पडला असेल तर घेऊन या, आपला कालच गेलाय.