कन्हानचे पाणी आणि पडद्याची गाळणी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात कन्हान येथे दिलेले भाषण)



आपले गाव ज्या नदीच्या नावाने ओळखले जाते, तिच्याविषयी चार शब्द बोलण्यासाठी मी उभा आहे. नागपूर शहर कन्हानचे पाणी पिते आणि त्याच शहराचे सांडपाणी नाग नदीतून पुढे कन्हानलाच मिळते. आंभोऱ्याला कन्हान वैनगंगेत जाते व ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात साठते.

सांडपाण्यात केवळ रोगजंतू नसतात. नत्र आणि स्फुरदही असतात. शेतकरी हेच युरिया व सुपर फॉस्फेटच्या पोत्यांतून विकत आणतो. शेतात त्यांनी पीक वाढते, पाण्यात शेवाळ आणि जलपर्णी. ती कुजली की पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे मरतात. खताचे आणि शौचखड्ड्याचे नत्र नायट्रेट होऊन विहिरीतही उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक आहे. अधिक असल्यास वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला विशेष धोका असतो. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि अंग निळसर पडते. माताभगिनींनी ध्यानात ठेवावे की, उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

मग गाळावे काय? चहाची गाळणी पत्ती अडवते, विरघळलेली साखर अडवत नाही. अतिसूक्ष्म गाळणीच्या पडद्याची छिद्रे सुमारे ०.०१ मायक्रॉनची असतात. त्यांत जंतू अडकतात, पण नायट्रेट पार होते. म्हणून सांडपाण्याच्या टाकीत पडदा आणि जिवाणू दोघांना कामाला लावतात. पडदा जिवाणूंना टाकीतच रोखतो. ते आधी हवेत अमोनियाचे नायट्रेट करतात, मग हवा नसलेल्या भागात नायट्रेटचा नत्रवायू करतात आणि तो आकाशात निघून जातो. स्फुरद तुरटीसारख्या क्षाराने साक्यात बसवतात.

दुसरा मार्ग आर. ओ.चा. त्याचा उपयुक्त पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात लोएब आणि आपले भारतीय सौरिराजन यांनी तयार केला. तो दाबाखाली बरेचसे नायट्रेट अडवतो. पण अडवलेले जाते कोठे? यंत्राच्या दुसऱ्या नळीतून मोरीत, मोरीतून गटारात आणि गटारातून पुन्हा नदीकडे! पडदा वेगळे करतो, नष्ट करीत नाही.

म्हणून आरंभ घरापासून करू या. शौचखड्डा व उकिरडा विहिरीपासून दूर ठेवावा. युरिया पिकाला लागेल तेवढाच, हप्त्याहप्त्याने द्यावा. घरात तान्हे मूल असेल तर विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. विद्यार्थी मित्रांनो, पाण्यावर संशोधन करणारी 'नीरी' ही राष्ट्रीय संस्था १९५८ पासून आपल्या नागपुरातच आहे. तुमच्यापैकी एखादा मुलगा किंवा मुलगी रसायनशास्त्र शिकून तेथे पोहोचली आणि कन्हानच्या पाण्याची बाटली तिच्या टेबलावर आली, तर या संस्थेचे श्रम सार्थकी लागले असे मी मानीन.