पुन्हा उभे राहण्यासाठी : ज्येष्ठांच्या पुनर्वसनातील भावनिक व सामाजिक अडथळे

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘पुनर्वसन’ हा शब्द मराठीत उच्चारला की धरणग्रस्तांची नवी गावठाणे किंवा १९९३ च्या भूकंपानंतर लातूर परिसरात बांधली गेलेली घरे डोळ्यांसमोर येतात. घर हरवलेल्या माणसाला पुन्हा घर मिळवून देणे हा त्या शब्दाचा रूढ अर्थ आहे. वैद्यकशास्त्रात मात्र तो वेगळ्या हानीसंबंधी वापरला जातो. पक्षाघाताने हात लुळा पडतो, खुब्याचे हाड मोडते किंवा ऐकू येणे मंदावते, तेव्हा घर जागेवरच असते. हरवते ते घरातले वावरणे. ते शक्य तितके परत मिळवून देणे म्हणजे वैद्यकीय पुनर्वसन होय.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या कार्यक्षमता-विषयक आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने या विचाराला निश्चित रूप दिले. व्यक्तीची अक्षमता केवळ तिच्या शरीरातील दोषातून निर्माण होत नाही. भोवतालची माणसे, वास्तू, रूढी आणि सेवा यांच्याशी येणाऱ्या संबंधातून ती घडते, अशी या वर्गीकरणाची भूमिका आहे. ज्येष्ठांच्या बाबतीत तिचे महत्त्व अधिकच जाणवते.

प्रश्नाचा आवाका

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के ग्रामीण भागात राहत होत्या. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार, २०५० पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे जाईल. म्हणजे दर पाच भारतीयांत एक व्यक्ती ज्येष्ठ असेल. आयुर्मान वाढले ही विकासाची कमाई आहे. पण वाढलेली वर्षे अंथरुणावर गेली तर तिचे मोल उणावते.

हाड जुळले, पण पाऊल उचलले नाही

एक प्रातिनिधिक परिस्थिती विचारात घ्यावी. सत्तरी ओलांडलेली एक विधवा ग्रामीण स्त्री न्हाणीघरात पाय घसरून पडते. खुब्याचे हाड मोडते. जिल्ह्याच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया होते आणि वॉकरच्या आधाराने तिला चार पावले चालवलेही जाते. घरी आल्यावर सुरुवातीचे काही दिवस व्यायाम होतो. पुढे सून काळजीने म्हणते, “आई, तुम्ही पडून राहा. काय हवे ते मी देते.” मुलगा बजावतो, “पुन्हा पडलीस तर काय करायचे?” सहा महिन्यांनी क्ष-किरण चित्रात हाड उत्तम जुळलेले दिसते. वॉकरवर मात्र टॉवेल वाळत असतो आणि ती स्त्री खाटेवर असते.

येथे शस्त्रक्रिया फसलेली नाही आणि कुटुंबाने हेळसांडही केलेली नाही. तरीही पुनर्वसन अपयशी ठरले आहे. दीर्घकाळ पडून राहिल्याने स्नायू झिजतात, शय्याव्रण होतात, फुप्फुसात संसर्ग होण्याचा धोका वाढतो. अशक्तपणामुळे भीती वाढते आणि भीतीमुळे हालचाल आणखी कमी होते. हे चक्र औषधाने तुटत नाही.

भावनिक अडथळे

पहिला अडथळा पुन्हा पडण्याच्या भीतीचा. ही भीती निराधार नसते, म्हणूनच ‘घाबरू नका’ एवढे सांगून ती जात नाही. अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञ मेरी टिनेटी यांनी १९९० मध्ये ती मोजण्यासाठी एक प्रश्नावली मांडली. स्नान करणे, खुर्चीत बसणे-उठणे, घरात फिरणे अशा दहा कामांविषयी ‘न पडता हे करता येईल, असा किती विश्वास वाटतो?’ असे तीत विचारले जाते. भीती अशी कामागणिक सुटी केली की उपायही सुटे सापडतात. न्हाणीघराची भीती असेल तर तेथे पकडदांडा आणि खरखरीत फरशी हवी. उठण्याची भीती असेल तर खाटेची उंची बदलावी लागते.

दुसरा अडथळा नैराश्याचा. ज्येष्ठांमधील नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही. भूक मंदावणे, झोप उडणे, अंग दुखणे, ‘आता काय करायचे आहे चालून?’ असे बोलणे, ही त्याची रूपे असतात आणि घरचे ती वयाच्या खाती टाकतात. २०१७-१८ मधील भारतीय दीर्घकालीन वार्धक्य अध्ययनाच्या पहिल्या फेरीचे निष्कर्ष येथे उद्बोधक आहेत. प्रश्नावलीच्या आधारे ६० वर्षांवरील ८.३ टक्के व्यक्तींत तीव्र नैराश्याची शक्यता आढळली; निदान झाल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण मात्र ०.८ टक्के होते. ज्याचे निदान होत नाही, त्यावर उपचारही होत नाही. आणि ज्याला उद्याची आस नाही, तो आजचा व्यायाम करत नाही.

तिसरा अडथळा संकोचाचा. आयुष्यभर इतरांना वाढून मग स्वतः जेवलेल्या व्यक्तीला शौचासाठी मुलाचा हात धरावा लागणे असह्य होते. काहीजण त्यासाठी पाणी पिणे कमी करतात. काठी घेतली तर ‘म्हातारा झाला’ असे लोक म्हणतील आणि श्रवणयंत्र लावले तर चेष्टा होईल, या धास्तीने साधने पेटीतच राहतात. ‘आपला भार होतो’ ही भावना या सर्वांच्या मुळाशी असते.

सामाजिक अडथळे

वार्धक्यासंबंधीचा समाजाचा समज हा सर्वांत व्यापक अडथळा आहे. ‘या वयात असे व्हायचेच’ हे वाक्य घरात, शेजारात आणि कधी कधी दवाखान्यातही ऐकू येते. ज्येष्ठांना पूर्ण विश्रांती द्यावी, ही सेवेची पारंपरिक कल्पनाही अजाणता घातक ठरते. पेला हातात देणे हे प्रेमच आहे. पण पेल्यापर्यंत चालत जाण्यासाठी सोबत करणे हे अधिक उपकारक प्रेम आहे.

लिंगभेदाचा प्रश्न त्यात मिसळतो. २०११ मध्ये ६० वर्षांवरील सुमारे निम्म्या स्त्रिया विधवा होत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण बरेच कमी होते. पुरुषाच्या आजारपणात बहुधा पत्नी शुश्रूषा करते. तिच्या वाट्याला आजार येतो तेव्हा तो साथीदार उरलेला नसतो. स्वतःच्या नावे उत्पन्न नसल्याने ‘माझ्यावर कशाला खर्च?’ असे म्हणून ती स्वतःच उपचार थांबवते.

काळजी घेणाऱ्या सून-मुलींचे श्रम कोणत्याही हिशेबात येत नाहीत. रोजंदारी बुडवून भौतिकोपचारासाठी तालुक्याला जाणे अनेक कुटुंबांना परवडत नाही. शहरात उद्वाहन नसलेली इमारत आणि गावात उंच उंबरा, अंगणापलीकडचे शौचालय यांमुळे चालू शकणारी व्यक्तीही घरबंद होते.

धोरणे आणि त्यांतील अंतर

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्य, आजार व अपंगत्व या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे. १९९९ मध्ये ज्येष्ठांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियमात चरितार्थाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवास यांबरोबर वैद्यकीय उपचारांचाही समावेश आहे. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात स्वतंत्र कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात साप्ताहिक चिकित्सालय आणि अंथरुणास खिळलेल्यांसाठी गृहभेटी यांची तरतूद आहे.

२०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकांची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी इत्यादी साधने विनामूल्य मिळतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना उत्पन्नाची अट न ठेवता ७० वर्षे व त्यावरील सर्वांसाठी खुली झाली. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या साहाय्यवाहिन्या आहेत.

तरतुदींची ही यादी लहान नाही. अंतर राहते ते सातत्यात. आरोग्य विम्याचा भर रुग्णालयातील दाखल उपचारांवर आहे. घरी परतल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपर्यंतच त्याच्या कक्षेत येतो. खुबा किंवा पक्षाघात यांतून सावरण्यास मात्र महिने लागतात. शिबिरात किती वॉकर वाटले याची नोंद होते. सहा महिन्यांनी किती वापरात आहेत, ही नोंद अधिक बोलकी ठरेल. न्यायाधिकरण मुलाला दरमहा रक्कम द्यायला लावू शकते. आईसोबत अंगणात दहा पावले चालण्याचा आदेश कोणालाही देता येत नाही. ते काम समाजाचे आहे.

काय करता येईल?

पहिले, पुनर्वसनाचे ध्येय रुग्णाच्या जीवनातून घ्यावे. ‘गुडघा नव्वद अंशांत वाकला पाहिजे’ या ध्येयापेक्षा ‘देवळापर्यंत जाता आले पाहिजे’ किंवा ‘नातवंडाला शाळेत सोडता आले पाहिजे’ हे ध्येय माणसाला खाटेवरून उठवते.

दुसरे, रुग्णालयातून घरी पाठवण्यापूर्वी कुटुंबीयांना प्रशिक्षण द्यावे. आधार कोठे द्यावा आणि कोठे देऊ नये, हे शिकवणे गोळ्यांच्या चिठ्ठीइतकेच आवश्यक आहे.

तिसरे, मनःस्थितीची तपासणी नित्याची व्हावी. आशा कार्यकर्ती गृहभेटीत रक्तदाबाबरोबर झोप, भूक आणि उमेद यांविषयी चार प्रश्न विचारू शकते.

चौथे, समाजाचा सहभाग हवा. केरळने २००८ मध्ये परिहार सेवेचे धोरण स्वीकारले आणि पंचायती, परिचारिका व प्रशिक्षित स्वयंसेवक यांच्या साहाय्याने गृहभेटींचे जाळे विणले. शेजारचा माणूस आठवड्यातून एकदा दाराशी येतो, या गोष्टीचे औषधी मूल्य तेथे सिद्ध झाले. महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघांनाही हे काम करता येईल. त्याच दुखण्यातून उठलेल्या समवयस्काचा शब्द तज्ज्ञाच्या सल्ल्याहून लवकर पटतो.

मित्रहो, उद्या प्रशासनात गेल्यावर योजनांचे अहवाल तुमच्या टेबलावर येतील. लाभार्थींची संख्या, वाटलेली साधने, खर्ची पडलेला निधी असे स्तंभ त्यांत असतील. त्याला आणखी एक स्तंभ जोडावा : किती जण पुन्हा स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडू लागले? तो आकडा वाढेल, तेव्हाच वाढलेले आयुर्मान ही देशाची खरी कमाई ठरेल.