पानावर दूध, पाण्यात मासे

(मंडळाच्या वर्धापनदिनी खडवली येथे केलेले भाषण)



आपल्यापैकी काही जणींनी परसात किंवा गच्चीवर माशांची टाकी आणि तिच्याच पाण्यावर वाढणारा भाजीचा वाफा असा जोडसंसार मांडला आहे. आणखी काही जणी मांडावयाच्या विचारात आहेत. थंडी पडू लागली की काकडीच्या, दुधीच्या पानांवर पीठ भुरभुरावे तशी पांढरी भुरी दिसू लागते, आणि मग "दूध फवारा" हा सल्ला एका कुंपणावरून दुसऱ्या कुंपणावर जातो. सल्ला खोटा नाही. परंतु जमिनीतल्या वेलाला तो जसा लागू पडतो तसाच्या तसा माशांच्या पाण्यावरच्या वेलाला लागू पडत नाही, आणि तेवढेच सांगण्यासाठी मी आज उभी आहे.

मासे आणि पीक एकाच पाण्यात, ही गोष्ट आपल्या ठाणे जिल्ह्यातील बायांना नवी वाटावयास नको. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओहोळातून भाताच्या खाचरांत चढतात, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. ज्याला आज अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात त्यात हेच नाते बांधीव टाकीत आणले आहे. अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात डॉ. जेम्स रॅकोसी यांनी १९८० च्या दशकापासून त्याची पद्धतशीर मांडणी केली, आणि तेथून ते जगभर पसरले. मासे खातात, त्यांच्या मलमूत्रातून आणि कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात उतरतो. खडीवर आणि मुळांवर बसलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ते नायट्रेट झाड उचलते आणि बरेचसे निवळलेले पाणी पुन्हा माशांकडे येते. या घरात तीन माणसे राहतात असे समजा : मासा, झाड आणि डोळ्यांना न दिसणारा जिवाणू. पाण्यात काय पडते याची पंचाईत तिघांनाही असते. जिवाणूला तर माशाइतकाच प्राणवायू हवा असतो, आणि तो गुदमरला तर ओरडतही नाही.

म्हणूनच शेतातली नेहमीची औषधे येथे चालत नाहीत. बोर्डो मिश्रणातले मोरचूद माशांना थोड्या प्रमाणातही घातक आहे. साबणाचे पाणी माशाच्या कल्ल्यांना इजा करते. निंबोळीचा अर्क आपण निरुपद्रवी मानतो. पण तोही पाण्यात गेला तर माशांना बाधतो. आपल्या द्राक्षबागायतदारांनी भुरीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले गंधक पाण्यात पडत राहिले तर जिवाणू त्याचे आम्ल करतात आणि पाणी आंबट होत जाते. एवढी सगळी दारे बंद झाल्यावर दुधाचे दार उघडे दिसते, हे स्वाभाविक आहे.

दुधाचा गुण केवळ आजीबाईच्या बटव्यातला नाही. ब्राझीलमध्ये वाग्नर बेत्तिओल या संशोधकाने भोपळ्याच्याच कुळातल्या झुकिनीवर हरितगृहात ५ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंतचे दूध फवारून पाहिले आणि १९९९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दूध जितके जास्त तितकी भुरी कमी, आणि १० टक्के दूध आठवड्यातून एकदा फवारले तर भुरी आटोक्यात राहते, असे त्यांना आढळले. पुढे ऑस्ट्रेलियात अ‍ॅडिलेड विद्यापीठातील पीटर क्रिस्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्राक्षवेलींवर दूध आणि निवळी वापरून पाहिली. त्यांचे लेख २००६ साली प्रसिद्ध झाले. उन्हात दुधापासून काही तीव्र कण उत्पन्न होतात आणि ते बुरशीच्या धाग्यांना इजा करतात, तसेच दुधातील लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन बुरशीच्या बीजाणूंना फोडते, असे त्यांच्या कामातून पुढे आले. म्हणजे ऊन हा या औषधाचा अर्धा भाग आहे. संध्याकाळी, दिवेलागणीला दूध फवारणाऱ्या भगिनींनी हे लक्षात घ्यावे.

आता पाण्याचा हिशेब. दूध पाण्यात पडले की ते कुजते, आणि कुजताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू खातात. एक लिटर दुधाला याप्रमाणे १०० ग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो. शहरातल्या घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरला पाव ग्रॅमच्या आसपास लागतो. म्हणजे या एका बाबतीत दूध सांडपाण्यापेक्षा सुमारे चारशे पटींनी भारी! ज्या दुधाला आपण पूर्णान्न म्हणतो तेच पाण्याला असे जड जाते. किंबहुना ते पूर्णान्न आहे म्हणूनच जड जाते, कारण जिवाणूंनाही ते तितकेच आवडते. दुधाच्या कारखान्यांचे धुणावळीचे पाणी शुद्ध केल्याविना नदीत सोडू देत नाहीत ते याचसाठी.

दुसऱ्या बाजूला पाण्यात प्राणवायू असतो तरी किती? २८ अंश उष्णतेच्या पाण्यात तो जास्तीत जास्त लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या आत मावतो. हजार लिटरच्या टाकीत सगळा मिळून पावणेआठ ग्रॅम झाला. चहाचा एक कप, म्हणजे १०० मिलिलिटर दूध, त्या टाकीत ओतले तर त्याला १० ग्रॅम हवा. टाकीत आहे त्याहून अधिक. हे सारे एका क्षणात होत नाही, चार-पाच दिवसांत होते, आणि हवेचा पंप मधल्या वेळात भर घालीत असतो, म्हणून प्रत्येक वेळी मासे मरतातच असे नाही. पण २०० लिटरच्या पिंपात सगळा मिळून दीड ग्रॅमच प्राणवायू असतो, आणि तेथे दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर दूध एक ग्रॅम मागते. पिंप लहान तितका धोका मोठा. त्यातच रात्री वीज गेली आणि हवेचा पंप थांबला तर पहाटेस, जेव्हा पाण्यात प्राणवायू आधीच सर्वांत कमी असतो, मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात. खडवलीत वीज कधी जाते हे मी तुम्हांला सांगावयास नको.

तेव्हा दूध पानावर पडावे आणि पाण्यात पडू नये, ही सगळी करामत आहे. माझ्या परसात हजार लिटरची टाकी आहे, तीत कटला-रोहूची बोटुकली सोडली आहेत आणि वर खडीच्या वाफ्यात काकडीचे चार वेल आहेत. मी करते ते असे. पिशवीतले साय नसलेले दूध ५० मिलिलिटर घेते आणि त्यात ४५० मिलिलिटर पाणी घालते. साय असलेले दूध नको, कारण त्यातली चरबी पानावर खवट होऊन वास मारते आणि हातफवाऱ्याचे तोंडही बुजवते. साखर घातलेले तर मुळीच नको. मुंग्यांना आमंत्रण कशाला द्यावयाचे? गवळ्याचे दूध असेल तर आधी उकळून गार करावे, कारण कच्च्या दुधातून येणारे रोग पानावरूनही पोटात जाऊ शकतात, आणि काकडी आपण कच्चीच खातो. अर्धा लिटर मिश्रण माझ्या चार वेलांना पुरून उरते.

सकाळचे ऊन पानांवर आले आणि दव सुकले की मी पाणी फिरवणारा पंप बंद करते; हवेचा मात्र चालूच ठेवते. वाफ्यावर जुना प्लॅस्टिकचा कागद वेलांच्या बुंध्यांभोवती गुंडाळून पसरते, आणि त्याची कड बाहेरच्या बाजूला बादलीत सोडते, म्हणजे टपकलेले थेंब बादलीत जातात. टाकीवर झाकण असतेच. मग पानाच्या दोन्ही बाजूंना बारीक तुषार मारावयाचे, पान ओले दिसावे पण त्यावरून थेंब ओघळू नये एवढेच. पाने कोरडी होईपर्यंत, तासभर तरी, पंप सुरू करावयाचा नाही. ज्यांच्याकडे थर्माकोलच्या तक्त्यावर झाडे तरंगतात त्यांचे काम आणखी सोपे आहे : तक्ता उचलून बाजूच्या रिकाम्या टबावर ठेवावा, तेथे फवारावा, आणि पाने सुकल्यावर परत आणावा. खडीवर पडलेले चार थेंब खडी जिरवील असे कोणी म्हणेल. पण पाणी पुन्हा वाहू लागले की ते खडीतून टाकीतच उतरतात.

उरलेले मिश्रण आणि बादलीतले पाणी कढीपत्त्याच्या किंवा जास्वंदीच्या बुंध्याशी जमिनीत ओतावे. दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये, फाटते. हातफवारा धुतलेले पाणीही जमिनीतच जावे. भातसेच्या काठी जाऊन तो खळबळून आणू नये, कारण हीच नदी पुढे पिसे येथून मुंबईला पाणी पाजते.

"मुलांच्या तोंडचे दूध पानांवर काय उडवता?" असे एका वडीलधाऱ्या बाईंनी मला विचारले, आणि त्यांचा प्रश्न मला पटतो. ज्या घरात लहान मूल आहे आणि दुधाचा रतीब मोजून येतो, तेथे पहिला हक्क मुलाचाच. आठवड्याला ५० मिलिलिटर म्हणजे महिन्याचे २०० मिलिलिटर होते, हे मी त्यांना सांगितले. तरी त्यांच्या चेहऱ्यावरची नापसंती गेली नाही, आणि मीही वाद घातला नाही. दुधाच्या आधी फुकटचे उपाय आहेतच. अगदी पहिली डागाळलेली पाने हलक्या हाताने खुडून टाकावीत, वेल दाटीने लावू नयेत, मांडव उन्हात करावा. भुरीला कोरडी हवा मानवते आणि ती उन्हापेक्षा सावलीत जोमाने वाढते, हे आपल्या सोयीचे आहे.

आणि दूध भुरीसाठीच आहे, सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. पानाच्या वरच्या बाजूला शिरांमध्ये पिवळे चौकोनी डाग आणि खाली करडी बुरशी असेल तर तो केवडा. तेथे दुधावर विसंबू नये. मिरचीची पाने चुरडली तर त्यामागे फुलकिडे, कोळी किंवा पांढरी माशी आणि तिच्याबरोबर आलेला विषाणू असतो. त्यावर दूध फवारणे म्हणजे दूध वाया घालवणे. भुरीलासुद्धा ते पहिले ठिपके दिसताच फवारावे. सगळे पान पांढरे झाल्यावर त्या पानाला काही पूर्ववत होणे नाही.

एक गोष्ट घरोघरी सांगावी अशी आहे. काही मुलांना दुधाची अ‍ॅलर्जी असते, अंगावर गांधी उठतात, कधी श्वासही अडतो. दुधाची प्रथिने वाळून पानावर, फळावर राहतात. अशा घरी काकडी द्यावयाची असेल तर दूध फवारल्याचे अगोदर सांगावे. भाजी धुतली एवढ्यावर भिस्त ठेवू नये. पालक-कोथिंबिरीसारख्या पानांच्या भाजीवर तर मी दूध फवारीतच नाही, कारण तेथे फवारलेले पानच ताटात येते.

सगळी काळजी घेऊनही कधी भांडे कलंडले तर? हवेचे सगळे पंप सुरू करावेत, नसल्यास मगाने पाणी उंचावरून टाकीत ओतत राहावे. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी माशांना खाणे घालू नये. टाकीतले पाचव्या हिश्शाचे पाणी काढून तेवढेच ताजे पाणी भरावे. नळाचे असेल तर ते आदल्या दिवशी उघड्या भांड्यात ठेवलेले असावे, म्हणून असे एक पिंप नेहमी भरलेले बरे. पुढचे चार-पाच दिवस पहाटे उठून माशांकडे पाहावे आणि पाण्याला वास येतो का ते हुंगावे.

टाकीत किती लिटर मावते हेच पुष्कळ जणींना ठाऊक नसते, आणि वरचा सगळा हिशेब त्यावर आहे. चौकोनी टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत मोजावी, तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला २८ ने गुणावे. गोल टाकीचा व्यास दोनदा घेऊन खोलीने गुणावा आणि मग २२ ने. आलेला आकडा खडूने टाकीवर लिहून ठेवावा.