पानफुटीला पाणी जरा जपून
(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



बाप्पाचे दिवस आहेत, तेव्हा दूर्वा किंवा शमीबद्दल बोलायला हवं होतं. पण मी बोलणार आहे कुंडीतल्या पानफुटीबद्दल. जाड, मांसल पानांचं हे झाड आपल्या पुष्कळ घरांच्या गच्चीवर असतं. पान मातीवर पडलं की त्याच्या कडेच्या खाचांतून नवी रोपं फुटतात, म्हणून पानफुटी.

आमच्याकडची सासूबाईंची. त्या रावेरच्या. एकदा माहेरून येताना रुमालात गुंडाळून त्यांनी एक पान आणलं. त्याचं झाड झालं. दरवर्षी थंडी सरताना त्यावर लोंबती फुलं यायची, छोट्या कंदिलांसारखी. बऱ्हाणपूरचा वैशाख ते झाड कसं काढतं, याचं मला नवल वाटायचं.

याचं उत्तर आपल्या कुंडी भंडाऱ्यापाशी आहे. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, 1615 मध्ये, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून उतारानं शहराकडे आणलं. ऊन लागत नाही, म्हणून पाणी वाफ होऊन उडून जात नाही. पानफुटीही तेच करते. तिचा भंडारा पानात असतो. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात आणि त्यातून पाणी गमावतात. पानफुटी ती रात्री उघडते, हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा दारं लावून त्यावर अन्न शिजवते. म्हणून तिचं पान सकाळी आंबट असतं आणि दुपारी बेचव. हे आपल्याच देशात बेंजामिन हाइन या वनस्पतितज्ज्ञानं पानं चाखून टिपलं. त्याचं पत्र 1815 मध्ये लंडनच्या लिनिअन सोसायटीनं छापलं.

आता आमच्या घरातली गोष्ट. तीन वर्षांपूर्वी ज्येष्ठात सासूबाई गेल्या. त्यानंतर मामंजी रोज पूजा झाली की गच्चीवर जाऊन पानफुटीला तांब्याभर पाणी घालायचे. शाळेतून आल्यावर मुलगी घालायची. संध्याकाळी मी. कुणी कुणाला सांगितलं नाही. वर पाऊस होताच. श्रावणात पानं पिवळी, मऊ पडली. आम्हाला वाटलं, पाणी कमी पडतंय. आणखी घातलं. मग एक दिवस खोड बुंध्याशी काळं पडलं आणि बोट लावताच आडवं झालं. मुळं कुजली होती. मामंजी काही बोलले नाहीत. तांब्या घेऊन खाली गेले.

कुंडी उचलली तेव्हा मागच्या भिंतीशी गळून पडलेलं एक पान दिसलं. त्याच्या कडेला तीन इवली रोपं होती, कुणी पाणी न घालता आलेली.

त्या पानानं मला जे शिकवलं ते सांगते. कुंडी मातीची घ्या, तळाला भोक हवंच. आपली काळी माती केळीला उत्तम, पण कुंडीत ती पाणी धरून बसते. म्हणून एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग शेणखत-विटेचा चुरा. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. कोरडं लागलं तर तळातून वाहीपर्यंत घाला आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली, पण उजेडात. थंडीत बेतानं. उन्हाळ्यात सकाळचं ऊन द्या, दुपारी आडोसा. पान सुरकुतलं तर तहान, पिवळं आणि मऊ झालं तर पाणी जास्त. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्यानं पुसून काढा. गाई-शेळ्यांच्या तोंडी हे झाड लागू देऊ नका, त्यांना ते बाधतं. आणि औषध म्हणून वैद्यांना विचारल्याशिवाय पान खाऊ नका.

हे सगळं सोपं. अवघड होतं ते मामंजींना 'पाणी घालू नका' म्हणणं. ते पाणी झाडाला नव्हतंच, हे मला कळत होतं. शेवटी मी त्यांना म्हटलं, "मामंजी, मला मातीचा अंदाज येत नाही. रोज बोट घालून तुम्हीच सांगाल का?" आता पूजा झाली की ते गच्चीवर जातात, बोट घालतात आणि वरूनच हाक देतात, "आज नको!" आठवड्यातून एखाद्या दिवशी हाक येते, "आज घालतो."

जर्मन कवी गटे यालाही या झाडाचा लळा होता. तो मित्रमंडळींना त्याची पानं पाठवायचा. आपणही तेच करू. दाराशी टोपलीत पानं ठेवली आहेत, मामंजींनी मोजून आणलेली. घरटी एक घ्या. ओलसर वाळूवर नुसतं ठेवा, पुरू नका. दोन-तीन आठवड्यांत रोपं दिसू लागतील. रोज बघा जरूर. पाणी मात्र विचारून घाला.

गणपती बाप्पा मोरया!