एका रिव्हॉल्व्हरची कागदपत्रं

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, बँकेतल्या गमतीजमती सांगा." गमती पुष्कळ आहेत, पण त्यातल्या निम्म्या चारचौघांत सांगण्यासारख्या नाहीत. म्हणून आज मी एका रिव्हॉल्व्हरबद्दल बोलणार आहे. घाबरू नका, ते इथून फार लांब आहे.

माझा मुलगा इंग्लंडमध्ये मँचेस्टरला असतो. तिथे इम्पिरियल वॉर म्युझियम नॉर्थ नावाचं युद्धसंग्रहालय आहे. त्यात मी हे रिव्हॉल्व्हर काचेमागे पाहिलं. वेब्ली मार्क सहा. १९१५ साली ब्रिटिश सैन्यात आलेलं मॉडेल, बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं. सहा गोळ्यांचं, सहा इंची नळीचं, वजन साधारण किलोभर. वरची कळ दाबली की ते मधोमध मोडल्यासारखं उघडतं आणि सहाही रिकामी काडतुसं एका झटक्यात बाहेर पडतात. मुठीच्या तळाशी एक कडी असते, तिला दोरी बांधून ती गळ्यात अडकवायची; म्हणजे चिखलात हातातून सुटलं तरी हरवत नाही. त्या काळी ब्रिटिश अधिकाऱ्यांना गणवेशाप्रमाणे रिव्हॉल्व्हरही स्वतःच घ्यावं लागे. अट एकच, सरकारी काडतूस त्यात बसलं पाहिजे.

अशी रिव्हॉल्व्हरं लाखांनी बनली. मग हेच एक काचेमागे का? तर ते सेकंड लेफ्टनंट टॉल्किन यांचं होतं. तेच, ज्यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरचे सिनेमे आपली मुलं रात्र रात्र बघत बसतात.

ऑक्सफर्डची पदवी घेऊन टॉल्किन १९१५ साली लँकेशायर फ्युजिलियर्समध्ये दाखल झाले. १९१६च्या मार्चमध्ये लग्न, जूनमध्ये फ्रान्सची आघाडी. वय चोवीस. १ जुलैला सोमची लढाई सुरू झाली. त्या एका दिवसात ब्रिटिशांचे १९,२४० जवान मेले. त्यांत टॉल्किन यांचा शाळेतला जिवलग मित्र होता. चौघा मित्रांचा घट्ट कंपू होता त्यांचा. दुसरा त्याच वर्षी डिसेंबरात गेला. म्हणजे चारातले दोन सहा महिन्यांत संपले.

माझ्या नातवाने तिथे विचारलंच, "आबा, याने किती जणांना मारलं?" मी त्याला सांगितलं, अरे, ते पलटणीचे सिग्नल अधिकारी होते. त्यांचं काम निरोप पोचवण्याचं. टेलिफोनच्या तारा, दिवे, झेंडे, कबुतरं, ही त्यांची खरी हत्यारं. शेवटी त्यांना आघाडीवरून कोणी हलवलं? उवेने! खंदकात कपड्यांत उवा होत, त्यांच्यामुळे ट्रेंच फीव्हर येई. ऑक्टोबर १९१६ मध्ये तो ताप त्यांना लागला आणि नोव्हेंबरात ते इंग्लंडला परतले. उवेपुढे रिव्हॉल्व्हर काय करणार? पण तो माणूस जगला, तो त्या तापामुळेच असं म्हणायला हरकत नाही, कारण पुढे १९१८ मध्ये त्यांच्या पलटणीची फ्रान्समध्ये वाताहत झाली.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. बँकेत घरकर्ज देताना आम्ही भिंती बघायच्या आधी कागद बघायचो. आधीचा मालक कोण, त्याने कोणाकडून घेतलं, मधली एखादी कडी तुटलीय का? जुन्या शस्त्राचंही तसंच आहे. त्याच्यावर नंबर ठोकलेला असतो, पण नुसता नंबर माणसाचं नाव सांगत नाही. नाव सांगतो तो कागद. लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये पलटणींच्या युद्धडायऱ्या आहेत, अगदी आपल्या बँकेच्या डे-बुकासारख्या. कोणत्या तारखेला पलटण कुठे होती, किती माणसं पडली, सगळी नोंद. तारीख तारखेला जुळते तेव्हा किलोभर लोखंडाला इतिहास येतो. नाहीतर ते नुसतं लोखंड.

आणि कागद अमर नसतो, हेही लक्षात ठेवा. १९४० साली लंडनवर बाँब पडले, त्यात पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायांच्या सेवा-नोंदींपैकी साठेक टक्के जळून गेल्या. लढून आलेल्या कित्येकांची सरकारदरबारची ओळख पुसली गेली.

हे सगळं इथे कशाला, असं कोणी म्हणेल. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आपल्या सी विंगमधल्या आजींनी मला एक चांदीची जाड चकती दाखवली. "भाऊ, हा राजाच्या डोक्याचा मोठा रुपया बघा हो, सोनार वजनावर घेतो म्हणतोय." भिंग लावून मी कडा वाचली. नंबर, हुद्दा, नाव आणि ११४ मराठा पलटण. तो रुपया नव्हता, पहिल्या महायुद्धाचं पदक होतं, आजींच्या आजेसासऱ्यांचं! ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढली. घरात एवढंच माहीत होतं की "ते कुठेतरी लांब गेले होते." आजींनी पदक परत डब्यात ठेवलं. आता त्या डब्यात एक कागदही आहे, आजींनी सांगितलेला आणि त्यांच्या नातीने लिहिलेला.

आपल्याकडे पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आहेत. ते होईल तेव्हा माळे रिकामे होतील आणि भंगारवाला गेटवर उभा असेल. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याबरोबर चावी घेतलेल्यांपैकी कितीतरी जण आज नाहीत. त्यांच्या वस्तू घरात आहेत, पण गोष्टी सांगणारं कोणी उरलं नाही. म्हणून ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी याच महिन्यात एकेका वस्तूबद्दल पानभर लिहून घ्या. कोणाची, कुठून आली, कधी. तारीख घाला, खाली सही घ्या. सवयीने सांगतो, एक प्रत दुसरीकडे ठेवा.

एक कायद्याची गोष्टही सांगतो. कोणाच्या माळ्यावर खरंच वडिलांची बंदूक किंवा रिव्हॉल्व्हर निघालं, तर ते कपाटात दडवू नका. वारसाला स्वतःच्या नावाचा परवाना लागतो. तोवर ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या.

पावती मात्र जपून ठेवा. इतकंच बोलतो आणि थांबतो. चहा गार होतोय.