घरचं इंटरनेट निवडताना



घरात इंटरनेट घ्यायचं ठरलं की आपण आधी विचारतो, "महिन्याला किती?" माझं म्हणणं, आधी हे विचारा : यावर आपल्या मुलीचा अभ्यास होईल का?

आपल्या बऱ्याच घरांत इंटरनेट म्हणजे अब्बांच्या नाहीतर भाईजानच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. तो माणूस कामाला गेला की इंटरनेटही त्याच्या खिशातून घराबाहेर जातं. अकरावीचा प्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळं ऑनलाइन. आणि मुलगी मात्र रात्री तो घरी यायची वाट बघत बसते.

केरळमधल्या फहीमा शिरीन या विद्यार्थिनीला, संध्याकाळी मोबाइल जमा करण्याचा नियम मानला नाही म्हणून वसतिगृहातून काढलं होतं. ती कोर्टात गेली. सप्टेंबर 2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं, इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. कोर्टाने मानलेला हक्क आपल्या घरात सारख्या बंद पडणाऱ्या वायरीमुळे वाया जाऊ नये.

मग निवडायचं कसं? जाहिरातीवर जाऊ नका. आपल्याच जिन्यातल्या दोन-तीन घरांत विचारा : रात्री नऊ ते अकरा वेग कसा असतो? पावसाळ्यात किती वेळा बंद पडतं? तक्रार केल्यावर माणूस किती दिवसांनी येतो?

आकडे नीट समजून घ्या. 40 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर 5 मेगाबाइट. 'अनलिमिटेड' लिहिलेलं असलं तरी ठरावीक डेटा संपल्यावर वेग किती उरतो ते विचारा. ऑनलाइन क्लाससाठी अपलोडचा वेगही लागतो. सांगितलेल्या किमतीत 18 टक्के जीएसटी धरला आहे का, राउटरचं डिपॉझिट परत मिळतं का, हे आधीच विचारा आणि पावती घ्या. वर्षाचे पैसे एकदम भरू नका. आधी महिनाभर वापरून बघा.

बंद पडलं तर तोंडी सांगून थांबू नका, तक्रार क्रमांक मागा. तेवढ्याने काम झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. 'ट्राय'च्या नियमांप्रमाणे कंपनीला अशी दोन पायऱ्यांची सोय ठेवावी लागते.

इमारतीत एकाच कंपनीची वायर असेल, तर दहा घरांनी मिळून सोसायटीला अर्ज द्या : दुसरीलाही येऊ द्या. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकतं हे कळलं की पहिलीही फोन उचलते.

आणि शेवटचं. कनेक्शन आलं, राउटर लागला, पण पासवर्ड फक्त भावालाच माहीत, असं करू नका. ज्या दिवशी वायर घरात येईल, त्याच दिवशी पासवर्ड मुलीच्या वहीतही लिहिलेला असू द्या.