एचआयव्ही आणि शरीरातील थकलेले रक्षक



विषाणूने ग्रासलेली पेशी ओळखून तिचा नाश करण्याचे काम शरीरातील मारक टी-पेशी करतात. या पेशींच्या पृष्ठभागावर ग्राही नावाचे प्रथिन-रेणू असतात. काही ग्राही शत्रूची ओळख पटवून पेशीला कार्यप्रवृत्त करतात, तर काही तिला आवर घालतात. हा आवरही आवश्यकच असतो. तो नसता तर रक्षकांनी स्वतःच्याच अवयवांवर आघात केला असता. 'पीडी-१' हा असाच आवर घालणारा ग्राही. जपानमधील शास्त्रज्ञ तासुकू होन्जो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तो प्रकाशात आणला.

एचआयव्ही मुख्यतः सीडी-४ या साहाय्यक पेशींमध्ये शिरतो. मग मारक पेशी जिवंत असूनही निष्प्रभ का ठरतात? विषाणू शरीरातून कधीच जात नाही, त्यामुळे त्यांना विसावा मिळत नाही. अखंड उत्तेजनामुळे त्यांच्यावरील पीडी-१चे प्रमाण वाढत जाते आणि आवर कायमचा घट्ट होतो. शास्त्रज्ञ या अवस्थेला पेशींचा थकवा म्हणतात.

दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे, औषधोपचार सुरू न झालेल्या ७१ बाधितांच्या रक्ताचा अभ्यास करण्यात आला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, एचआयव्हीविरोधी मारक पेशींवर पीडी-१ जितके अधिक, तितके रक्तात विषाणू अधिक व सीडी-४ पेशी कमी आढळल्या. प्रयोगशाळेत हा आवर रोखताच थकलेल्या पेशी पुन्हा कार्यक्षम झाल्या. म्हणजे रक्षक मेलेले नव्हते, जखडलेले होते.

पीडी-१ रोखणारी औषधे आज कर्करोगावर वापरली जातात. परंतु ती निरोगी अवयवांनाही इजा करू शकतात, म्हणून एचआयव्हीवरील नित्य उपचारांत त्यांना स्थान नाही. तेथे विषाणूची वाढ थांबवणारी औषधेच खरा आधार होत. त्यांनी विषाणू दबला की पीडी-१ही उतरतो, मात्र पूर्ववत होतोच असे नाही. छुपे विषाणू उरतात, म्हणून औषध आजन्म घ्यावे लागते.

भारतात ही औषधे १ एप्रिल २००४ पासून शासनातर्फे विनामूल्य मिळू लागली. पूर्वी सीडी-४ पेशी ठराविक मर्यादेखाली येईपर्यंत उपचारांची वाट पाहिली जाई. २०१७ पासून निदान होताच ते सुरू करण्याचे धोरण आहे. त्याच वर्षीच्या कायद्याने रुग्णाच्या गोपनीयतेलाही संरक्षण दिले.

लोकलज्जेपोटी चाचणी लांबवली, तर त्या प्रत्येक महिन्यात आतले रक्षक अधिकाधिक थकत जातात. समाजाने बाधिताला अभय दिले, तर तो वेळेवर चाचणीस येईल. औषध शासन देते. अभय मात्र समाजानेच द्यावयाचे आहे.